किलॉर्ग्लिनचा बोकड आणि क्रॉमवेल

आयर्लंडच्या केरी परगण्यात, लॉन नदीकाठच्या किलॉर्ग्लिन या बाजारगावी दरवर्षी १० ते १२ ऑगस्टला ‘पक फेअर’ भरते. डोंगरातून धरून आणलेल्या रानबोकडाला एक शाळकरी मुलगी राणी म्हणून मुकुट घालते आणि मग हा ‘राजा पक’ भर चौकातल्या उंच मचाणावरून खालचा बाजार न्याहाळत राहतो.

इंग्लंडचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याचे सैनिक लुटालूट करीत येत असता कळपातून फुटलेला एक बोकड धावत गावात शिरला, लोक सावध झाले आणि त्याच्या उपकारापोटी ही जत्रा सुरू झाली, असे सर्रास सांगितले जाते. मात्र या जत्रेत येणाऱ्या जनावरांवर पट्टी वसूल करण्याचा हक्क राजा पहिला जेम्स याने जेंकिन कॉनवे या जमीनदाराला १६१३ मध्येच दिला होता, आणि क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरला तो १६४९ मध्ये. म्हणजे जत्रा निदान छत्तीस वर्षांनी जुनी ठरते. फार तर बोकडाचा मान नंतर जोडला गेला असेल, पण जत्रेचा जन्म त्या कथेतून झालेला नाही. सुगीच्या आरंभीच्या ‘लूनसा’ या प्राचीन सणाशी तिचे नाते अनेक अभ्यासक जोडतात. तो तर्क मला अधिक पटतो, तरी त्यालाही लेखी आधार नाही.