ड्रायव्हिंगच्या ट्रेनिंगचा खर्च आयकरात कोणाला वजा मिळतो, कोणाला नाही

हेवी लायसन्ससाठी ड्रायव्हिंग स्कूलची फी, टँकरवाल्यांना लागणारं धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, नूतनीकरणाची फी, मेडिकल. एवढे पैसे पोटापाण्याच्या कामासाठीच गेले, मग ते करातून वजा का होऊ नयेत, असं चालकाला वाटणारच. पण ट्रेनिंग किती गरजेचं होतं, याला आयकर खात्याच्या लेखी दुसरा नंबर आहे. पहिला प्रश्न असतो तो तुमची कमाई कायद्याच्या कोणत्या खात्यात बसते हा. बहुतेक दावे तिथेच पडतात, आणि लोक मात्र पावतीत काय चुकलं ते शोधत बसतात.

पुढचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. छोट्या धंद्यांचं उत्पन्न अंदाजाने धरणारी ४४एडी आणि ४४एई ही दोन्ही कलमं आता कलम ५८ मध्ये गेली आहेत. पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा हिशेब १९६१ च्याच कायद्याने होतो, म्हणून इथे जुने क्रमांक दिले आहेत.

आधी बघा, तुम्ही नोकर की धंदेवाले

आयकर खात्याच्या पोर्टलवर जाऊन फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, उघडा. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, कलम १९२ खाली कापलेला असेल आणि मालकाने त्याचा दाखला म्हणून फॉर्म १६ दिला असेल, तर तुम्ही पगारदार. १९४सी खाली कापला असेल आणि हातात १६ए आला असेल, तर कंपनीने तुम्हाला कंत्राटदार धरलं आहे. तुमची कमाई धंद्याची. काहीच कापलेलं नसेल आणि मालक महिन्याला रोख पगार देत असेल, तरी तो पगारच. रोख मिळतो म्हणून त्याचा धंदा होत नाही.

लॉजिस्टिक्स कंपन्यांकडे चालवणाऱ्यांपैकी अनेकांचा घोटाळा इथे होतो. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, अंगात गणवेश, महिन्याला ठरलेली रक्कम, म्हणून ते स्वतःला पगारदार समजून आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरतात. २६एएस मध्ये मात्र १९४सी असतं. मग आकडे जुळत नाहीत आणि रिफंड अडकतो.

पगारदार चालक: स्वतः भरलेल्या फीची वजावट नाही

हे कडू आहे, पण सरळ सांगितलेलं बरं. पगारातून काय वजा होतं ते कलम १६ मध्ये मोजून दिलं आहे: प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, आणि सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता. प्रमाणित वजावट नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये, जुन्या प्रणालीत ५०,०००. महाराष्ट्रातला वर्षाचा २,५०० रुपयांचा व्यवसाय कर फक्त जुन्या प्रणालीत वजा होतो. ट्रेनिंग, लायसन्स, बूट, गणवेश यांपैकी खिशातून काहीही घेतलं असेल तरी ते त्या ७५,००० च्या पोटातच आलं, असं कायदा धरून चालतो.

मग कोणीतरी सांगतं, ८०सी मध्ये ‘ट्युशन फी’ म्हणून टाका. टाकू नका. ८०सी ची शिक्षण फी मुलांसाठी आहे, तीही दोन मुलांपुरती आणि शाळा-कॉलेजातल्या पूर्णवेळ शिक्षणासाठी. स्वतःच्या ड्रायव्हिंग स्कूलची फी त्यात कुठल्याही बाजूने बसत नाही. ‘रिफंड काढून देतो, त्यातले काही टक्के द्या’ म्हणणारे एजंट नेमकं हेच करतात. पकडलं गेलं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल वाचवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. तो तुमच्या पॅनवर लागतो, एजंटच्या नाही.

पगारदाराला वाट एकच आहे: खर्च मालकाने करावा. मालकाने स्वतःच्या धंद्यासाठी चालकाला ट्रेनिंग दिलं आणि फी थेट संस्थेला भरली, तर ती चालकाच्या उत्पन्नात धरली जात नाही, आणि मालकाला कलम ३७(१) खाली धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळते. मालकाने ‘ट्रेनिंग भत्ता’ म्हणून पाच-दहा हजार पगारात घातले, तर मात्र ते पूर्ण करपात्र. भत्ता नको, मालकाच्या नावाचं बिल आणि मालकाचा थेट भरणा, असं आधीच बोलून घ्या.

काही ठिकाणी मालक फी भरतो आणि नंतर हप्त्याहप्त्याने पगारातून कापून घेतो. अशा वेळी कर लागतो तो हप्ता कापण्याआधीच्या पूर्ण पगारावर. कापलेल्या रकमेची वजावट मागायला कलमच नाही.

एक जोडगोष्ट, कारण ती ट्रेनिंगशी गल्लत करून विचारली जाते. वाहतूक कंपनीत फेरीवर असताना वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असेल आणि वेगळा दैनिक भत्ता मिळत नसेल, तर त्या भत्त्याचा ७० टक्के भाग, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत, करमुक्त होतो. हे फक्त जुन्या प्रणालीत. तरी जुनी प्रणाली घेण्याआधी हिशेब करा: नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य आहे, प्रमाणित वजावट धरून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत. बहुतेक चालकांना कर लागतच नाही. त्यांनी कापलेला टीडीएस परत मिळवण्यापुरतं रिटर्न भरावं आणि ट्रेनिंगच्या पावतीचा नाद सोडावा.

मालक-चालक: ४४एई मध्ये ट्रेनिंग आधीच वजा झालेलं असतं

स्वतःची मालवाहू गाडी असेल आणि वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नावावर नसतील, तर कलम ४४एई खाली अंदाजित उत्पन्न दाखवता येतं. १२,००० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाडीला दर टनामागे दर महिन्याला १,००० रुपये, त्याखालच्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये. महिन्याचा काही भाग गाडी तुमच्या नावावर असली तरी पूर्ण महिना धरतात.

आरसीवर एकूण वजन १८,५०० किलो लिहिलेला ट्रक घ्या. १८.५ गुणिले १,००० गुणिले १२, म्हणजे वर्षाचं उत्पन्न २,२२,००० रुपये. छोट्या पिकअपचं ९०,०००. हा आकडा गाडीत भरता त्या मालाच्या वजनावर काढायचा नाही, आरसीवरच्या एकूण वजनावर काढायचा. माल आठ टनच भरतो म्हणून आठ टन धरणारे बरेच भेटतात, आणि मुळात आठ टनांनी तो ट्रक १२ टनांच्या खाली जाऊन हिशेबच वेगळा होतो.

या २,२२,००० मधून ड्रायव्हिंग स्कूलची फी वजा होत नाही. डिझेल, टायर, टोल, घसारा, ट्रेनिंग, सगळे खर्च दिले गेले असं धरूनच तो आकडा ठरवला आहे. आयटीआर-४ (अंदाजित उत्पन्नवाल्यांचा रिटर्न फॉर्म) मध्ये खर्चाची ओळ सापडत नाही म्हणून लोक गोंधळतात. ती ओळ नाहीच.

टॅक्सी, कॅब, रिक्षावाल्यांना ४४एई नाही, कारण ते मालवाहू गाडीपुरतं आहे. त्यांना ४४एडी: रोख भाड्याच्या ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या भाड्याच्या ६ टक्के उत्पन्न धरतात. खर्च इथेही वेगळे मिळत नाहीत. १९४सी खाली टीडीएस कापला जाणारा, पण गाडी दुसऱ्याची चालवणारा चालकही ४४एडी मध्येच येतो, कारण ४४एई ला गाडीची मालकी लागते. ४४एडीए नावाचं तिसरं कलम डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठरलेल्या व्यवसायांसाठी आहे. ‘प्रोफेशनल ड्रायव्हर’ म्हणून त्यात शिरू नका.

मग ट्रेनिंगची फी मिळवण्यासाठी अंदाजित योजना सोडावी का? बारा-पंधरा हजारांच्या पावतीसाठी मुळीच नाही. अंदाजापेक्षा कमी उत्पन्न दाखवायचं तर ४४एई मध्ये हिशेबाच्या वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं, आणि त्याची फी ट्रेनिंगपेक्षा जास्त होते. ४४एडी सोडलं तर पुढची पाच वर्षं परत त्यात येता येत नाही. हे पाच वर्षांचं बंधन ४४एई ला नाही, पण लोक दोन्ही एकच समजून विनाकारण घाबरतात.

प्रत्यक्ष खर्च दाखवणारे: इथे वजावट मिळते, पण अटींवर

वह्या ठेवून आयटीआर-३ भरणाऱ्यांना कलम ३७(१) उपलब्ध आहे. खर्च पूर्णपणे धंद्यासाठी हवा, खासगी नको, भांडवली नको. हे जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालींत मिळतं. नव्या प्रणालीत वजावटी नाहीत हे वाक्य ८०सी सारख्या वजावटींबद्दल आहे, धंद्याच्या खर्चाबद्दल नाही. केवळ ट्रेनिंग खर्चासाठी जुनी प्रणाली निवडून फॉर्म १०-आयईए भरणारे जास्त कर भरून मोकळे होतात.

चालू धंद्यातला रिफ्रेशर, लायसन्सचं नूतनीकरण, टँकर चालवण्यासाठीचं प्रशिक्षण, पगारी चालकांचं ट्रेनिंग यांना अडचण येत नाही. वाहतुकीचं लायसन्स पाच वर्षांनी आणि धोकादायक मालाचं तीन वर्षांनी नव्याने करावं लागतं, त्यामुळे तो नेहमीचा खर्च म्हणून दाखवता येतो.

गाडी घ्यायच्या आधी, धंदा सुरूच झाला नसताना शिकायला दिलेली फी अडते. तो धंद्याआधीचा खर्च. तसंच मुलाला हेवी लायसन्स काढून दिलं आणि तो तुमच्याकडे कामाला नाही, तर तो घरखर्च. कामाला असेल तर पगाराची नोंद वहीत आधीपासून हवी, नोटीस आल्यावर लिहिलेली नको. ई-चलनचा दंड आणि ‘वरचे’ दिलेले पैसे ट्रेनिंगच्या नावाखाली कधीच घालू नका. कायद्याने गुन्हा असलेल्या गोष्टीवरचा खर्च वजा होत नाही.

सगळ्यात जास्त दावे बुडतात ते रोखीने. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलं, तर कलम ४०ए(३) खाली तो पूर्ण खर्च नामंजूर होतो, फक्त वरचा भाग नव्हे. वाहतूकदारांच्या डोक्यात ३५,००० चा आकडा पक्का बसलेला असतो. ती सूट मालवाहतूकदाराला दिलेल्या भाड्यासाठी आहे. ड्रायव्हिंग स्कूल मालवाहतूकदार नाही. १५,००० रोख देऊन पावती घेतली, तर पंधराच्या पंधरा हजार गेले. सकाळी आठ हजार, संध्याकाळी सात हजार दिले तरी दिवस एकच. यूपीआय किंवा बँकेतून द्या, विषय संपला.

पावती, जी कोणाकडे नसते

‘१२,००० रु. मिळाले’ एवढंच लिहून शिक्का मारलेला कागद पुरत नाही. पावतीवर संस्थेचं नाव-पत्ता, तिचा आरटीओचा परवाना क्रमांक, पावती क्रमांक, तारीख, शिकणाऱ्याचं नाव, वाहनाचा प्रकार, प्रशिक्षणाच्या तारखा आणि फी इतकं हवं. पैसे धंद्याने भरले असतील तर बिल मालकाच्या किंवा फर्मच्या नावाने आणि त्यात चालकाचं नाव. जीएसटी क्रमांक नाही म्हणून घाबरू नका. वर्षाला २० लाखांखाली उलाढाल असलेल्या लहान स्कूलला तो सहसा लागत नाही.

ड्रायव्हिंग स्कूल देतं ते फॉर्म ५ चं प्रमाणपत्र असलं की पावती नको, असं अनेकांना वाटतं. फॉर्म ५ ने तुम्ही शिकलात हे कळतं, किती पैसे दिले हे नाही. उलट पावती आहे आणि फॉर्म ५ नाही, तर प्रशिक्षण झालं का यावरच शंका येते. दोन्ही ठेवा. पावती हरवली असेल तर त्याच संस्थेकडून दुसरी प्रत मागा. स्कूलला फॉर्म १४ मध्ये प्रत्येक शिकणाऱ्याची नोंद ठेवावी लागते, तेव्हा ‘रेकॉर्ड नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. सरकारी फीची पावती सारथी पोर्टलवरून पुन्हा काढता येते. जोडीला बँकेच्या स्टेटमेंटमधली ती एक ओळ.

यातलं काहीही रिटर्नला जोडायचं नसतं. घरी ठेवायचं आणि विचारलं की दाखवायचं. पुढे सीएला पाठवायचं म्हणून आजच फोटो काढा, थर्मल कागदावरची पावती वर्षभरात कोरी होते.

रिटर्न भरताना

आयटीआर-३ मध्ये खर्च नफा-तोटा पत्रकात जातो. प्रकरण सहा-एच्या (८०सी सारख्या वजावटींच्या) रकान्यांत तो घालू नका. उलाढाल दाखवून पत्रक रिकामं सोडलं तर १३९(९) ची सदोष रिटर्नची नोटीस येते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. नोटीस ईमेलवर येते, आणि ईमेल बऱ्याचदा सायबर कॅफेवाल्याचा असतो. पोर्टलवर स्वतःचा ईमेल आणि मोबाईल घाला.

भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी. ती राहिली तर रिटर्न वेळेवर भरूनही उशिरा भरल्यासारखं होतं. आधारचा ओटीपी जुन्या बंद नंबरवर जात असेल तर नेटबँकिंगने करा, नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही (पडताळणीचा कागद) आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टाने पाठवा. तो तीस दिवसांच्या आत तिथे पोहोचायला हवा, नुसता टपालात पडून चालत नाही.