रेंगाळलेलं कन्कशन आणि सीटीई: आइस हॉकीतली दोन वेगळी दुखणी

कन्कशन, म्हणजे डोक्याला दणका बसून मेंदूला होणारी इजा, हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे रुळला. ३१ जानेवारी २०२५ रोजी गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, त्याच्या जागी हर्षित राणा उतरला, त्याने तीन गडी बाद केले आणि ‘फलंदाजाच्या बदली गोलंदाज कसा काय चालतो?’ यावर रण माजलं. दुबेच्या डोक्याची विचारपूस त्या गदारोळात बाजूलाच राहिली. आइस हॉकीत मात्र गेली पंचवीसेक वर्षं डोक्याचीच चर्चा चालू आहे.

ही हॉकी ध्यानचंदांची नव्हे. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की ती बर्फावरचीच. पायात पात्यांचे बूट, भन्नाट वेग, चारी बाजूंनी कठडा, आणि ज्याच्याकडे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आहे त्याला अंगाने धडक देणं हा नियमात बसणारा डाव. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, हातमोजे फेकून सरळ ठोसेबाजी केली तरी शिक्षा पाच मिनिटं बाहेर बसण्याची.

या खेळातल्या डोक्याच्या दुखापतींबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास सरमिसळ होते. एक, कन्कशननंतर महिनोन्‌ महिने रेंगाळणारा त्रास. दुसरी, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, अर्थात सीटीई. नुसती लक्षणं वाचली तर फरक कळायचा नाही: विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, लक्ष न लागणं, झोपेचं खोबरं. पण पहिलीतून बहुतेक जण बाहेर पडतात. दुसरीवर आज औषध नाही. इतकंच काय, माणूस जिवंत असताना तिचं पक्कं निदानही होत नाही.

पहिलीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पिट्सबर्ग संघाचा तारा सिडनी क्रॉस्बीचं. १ जानेवारी २०११, पिट्सबर्गच्या हाइन्झ फील्डवरचा उघड्यावरचा सामना. वॉशिंग्टनच्या डेव्हिड स्टेकेलची धडक त्याच्या डोक्याला बसली. क्रॉस्बी कसाबसा उठला आणि खेळत राहिला. चारच दिवसांनी टॅम्पा बेच्या व्हिक्टर हेडमनने त्याला कठड्यावर आदळलं. त्या वेळी तो २३ वर्षांचा होता आणि ४१ सामन्यांत ६६ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला केलेली मदत, मिळून) मिळवून लीगमध्ये सर्वांच्या पुढे होता. त्याचा तो मोसम तिथेच संपला. २१ नोव्हेंबरला परतला तो पहिल्याच सामन्यात दोन गोल आणि दोन असिस्ट करून. सगळे खूश. पण आठ सामने झाले, त्रासाने पुन्हा डोकं वर काढलं आणि तो थेट मार्च २०१२पर्यंत बाहेर बसला.

या कहाणीतला एक तपशील फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. जानेवारी २०१२मध्ये क्रॉस्बीच्या मानेच्या वरच्या भागातही इजा असल्याचं निदान झालं. म्हणजे वर्षभर ज्याला सगळे ‘डोक्याचं’ म्हणत होते त्यात मानेचाही वाटा होता. रेंगाळलेल्या कन्कशनचं हे असंच असतं. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडलेली, डोळ्यांचा ताळमेळ सुटलेला, मान आखडलेली, अर्धशिशी जागी झालेली, झोप उडालेली आणि वर ‘आपलं करिअर गेलं’ ही धास्ती. सगळा गुंता एकत्र. मात्र यातल्या जवळजवळ प्रत्येक धाग्यावर वेगळा इलाज आहे, ही त्यातली आशेची बाजू. क्रॉस्बीने पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा चषक, उचलला.

मुळात होतं काय? मेंदू खरवसासारखा मऊ. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण डोकं गर्रकन फिरल्यावर आतला मेंदू पिळवटायचा तो पिळवटतोच. पेशींचे लांब धागे ताणले जातात, सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचं पेशींच्या आत-बाहेरचं गणित विस्कटतं. ते जागेवर आणायला मेंदूला जास्त ग्लुकोज लागतं आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा तोकडा पडतो. एमआरआय काढला तर बहुधा काहीच दिसत नाही. हा मेंदूला बसलेला मुका मार. मोठ्या माणसांत तो साधारण दोन आठवड्यांत आणि मुलांत चार आठवड्यांत ओसरतो. चार आठवड्यांपुढे लांबला तर त्याला रेंगाळलेला म्हणायचं.

पूर्वी अशा खेळाडूला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता तो सल्ला मागे पडलाय. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग त्रास फारसा वाढणार नाही इतपत हलका व्यायाम. बफेलो विद्यापीठात जॉन लेडी यांनी ट्रेडमिलवरची चाचणीच बसवली: नाडी किती वाढली की डोकं ठणकायला लागतं ते पाहायचं आणि व्यायाम त्याच्या जरा खाली ठेवायचा. खोलीत कोंडून घातलेला, संघापासून तुटलेला तरणाबांड खेळाडू उदास होतो तो निम्मा त्या कोंडण्यानेच, असं मला नेहमी वाटतं.

सगळेच क्रॉस्बीसारखे परतत नाहीत. पॅट लाफाँतेनने १९९८ला खेळ सोडला, कीथ प्रिमोने २००६ला. २६ मे २००० रोजी स्कॉट स्टीव्हन्सच्या धडकेने कोसळलेल्या एरिक लिंड्रोसचा पुढचा अख्खा मोसम गेला, आणि त्याचा धाकटा भाऊ ब्रेट तर कन्कशनपायी विसाव्या वर्षीच निवृत्त झाला होता. तेव्हा ‘बरं होतं’ म्हणजे ‘किरकोळ आहे’ असं कुणी समजू नये.

आता सीटीई. इथे धडकेनंतरचा तात्पुरता बिघाड हा विषयच नाही. टाऊ नावाचं प्रथिन एरवी पेशींच्या आतल्या रचनेला आधार देतं. वर्षानुवर्षं डोक्याला दणके बसत गेले की काहींच्या मेंदूत हे टाऊ बिघडून गाठी धरतं, तेही ठरावीक जागी: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. पुढे दणके थांबले तरी ते हळूहळू पसरू शकतं. त्रास दिसायला लागतो तो अनेकदा खेळ सोडून कैक वर्षं लोटल्यावर. आधी भडकणं, तोल जाणं, नैराश्य, उतारवयात स्मृतिभ्रंश. मुष्टियोद्ध्यांमध्ये असा प्रकार १९२८पासून नोंदलेला आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांना तो माजी खेळाडू माइक वेब्स्टरच्या मेंदूत सापडला. हॉकीत पहिलं निदान झालं २००९मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी वारलेल्या रेजी फ्लेमिंगचं. मग २०११मध्ये बॉब प्रोबर्टचं.

हे दोघेही मारामारीबद्दल प्रसिद्ध. त्यामुळे ‘ठोसे खाणाऱ्यांचा आजार’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. मग बफेलो सेबर्सच्या रिक मार्टिनचा निकाल आला. मार्टिन गोल करणारा खेळाडू, भांडखोर अजिबात नाही, आणि डोक्याला मोठा मार बसल्याची नोंद एकच. २०११मध्ये वयाच्या ५९व्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. मेंदूत सीटीई निघाला, पण अशा टप्प्याचा की त्याच्या वागण्या-बोलण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नसावा, असं तपासणाऱ्यांनीच सांगितलं.

मार्टिनला क्रॉस्बीशेजारी ठेवलं की फरक लख्ख दिसतो. क्रॉस्बीला लक्षणांनी हैराण केलं, आणि तसल्या त्रासात तपासणीत बोट ठेवावं असं अनेकदा काही सापडत नाही. मार्टिनच्या मेंदूत बोट ठेवण्यासारखं पुष्कळ होतं, लक्षणं जवळपास नव्हती. आणि हेही: क्रॉस्बी कन्कशनमधून सावरला यावरून त्याच्या मेंदूत टाऊ साचलंय की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. पहिल्या दुखण्यातून सुटका झाली म्हणून दुसऱ्याची हमी मिळत नाही, आणि पहिलं झालं म्हणजे दुसरं होणारच असंही नाही.

कारण दोन्हींचा हिशेब वेगळा लागतो. रेंगाळलेल्या त्रासाला एक धडक पुरते. सीटीईत मोजायचं ते एकूण दणक्यांचं ओझं, आणि त्यात असंख्य असे फटके येतात ज्यांनी कन्कशन झालंच नव्हतं, खेळाडू डोकं झटकून पुढे गेला होता. बोस्टन विद्यापीठाच्या गटाने २०२४मध्ये आइस हॉकी खेळलेल्या ७७ पुरुषांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाचं प्रत्येक वाढीव वर्ष सीटीईची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढवतं असा त्यांचा निष्कर्ष. व्यावसायिक पातळीवर खेळलेल्यांत तर तो जवळजवळ सगळ्यांत सापडला. हा आकडा ऐकून लगेच घाबरायचं कारण नाही. मेंदू दान करतात ती बहुतेक अशीच घरं, जिथे काहीतरी बिनसलेलं दिसलेलं असतं. त्यामुळे ‘एनएचएलच्या शंभरातल्या इतक्यांना सीटीई’ असं गणित यावरून मांडता येत नाही. वर्षांगणिक वाढणारा धोका मात्र त्याने उडून जात नाही.

ही दोन दुखणी एकाच माणसात भेटली की डॉक्टरांचीही मती गुंग होते. डेरेक बूगार्ड हा सहा फूट सात इंचांचा एन्फोर्सर, म्हणजे संघासाठी मारामारी करणारा खेळाडू; २७७ सामने, तीन गोल. संघाने त्याला ठेवलं होतं कशासाठी हे या दोन आकड्यांवरून कळावं. डिसेंबर २०१०मध्ये ऑटव्यात एका मारामारीत त्याला कन्कशन झालं आणि तो पुन्हा खेळला नाही. मे २०११मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला. वय २८. मेंदूत त्या वयाच्या मानाने बराच पुढे गेलेला सीटीई. पण शेवटच्या महिन्यांतला त्याचा विसराळूपणा आणि मनाचे हेलकावे सीटीईचे होते, ताज्या कन्कशनचे, की गोळ्यांच्या व्यसनाचे? बोस्टनच्या तज्ज्ञांनीही ठाम उत्तर दिलं नाही.

टॉड यूअनचं प्रकरण याहून जिव्हारी लागणारं. १९९३मध्ये माँट्रियालकडून स्टॅनले कप जिंकलेला हा खेळाडू निवृत्तीनंतर नैराश्याने आणि विस्मरणाने ग्रासला होता. आपल्याला सीटीईच झालाय अशी त्याची खात्री पटली होती. सप्टेंबर २०१५मध्ये, ४९व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. २०१६च्या फेब्रुवारीत टोरंटोच्या तपासणीचा निकाल आला: सीटीई नाही. एनएचएलचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी त्याच वर्षी सिनेटर रिचर्ड ब्लुमेंथल यांना लिहिलेल्या पत्रात हे उदाहरण दिलं. माध्यमांनी उठवलेल्या भीतीचं हे फळ, असा त्याचा सूर. आणि २०१८मध्ये बोस्टनला तोच मेंदू पुन्हा तपासला तेव्हा सीटीई सापडला.

यातून कुणी बरोबर ठरलं म्हणायचं? माझ्या मते दोन्ही बाजूंनी घाई केली. नैराश्य, निद्रानाश, डोकेदुखी यांवर उपचार करायला मूळ सीटीई आहे की नाही हे ठरण्याची वाट पाहावीच लागत नाही. औषधं आणि समुपदेशन दोन्ही परिस्थितींत उपयोगी पडतात. २०२१मध्ये तज्ज्ञांनी जिवंत माणसांसाठी निकष ठरवले, त्या अवस्थेला ‘ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी सिंड्रोम’ म्हणतात. पण ते संशोधनापुरते आहेत. चाळिशीतला माजी खेळाडू विसरायला लागला की ‘सीटीईच तो’ असं सांगणारा डॉक्टर स्वतःला माहीत नसलेलं सांगत असतो.

बंदोबस्ताच्या बाबतीत ही गल्लत सगळ्यांत महाग पडते. एनएचएलने कन्कशनसाठी खूप काही केलंय, हे मान्य करायला हवं. १९९७पासून खेळाडूंच्या स्मृतीची आणि लक्षाची चाचणी मोसमाआधी घेऊन ठेवतात. मार्क सॅव्हर्डला बसलेल्या धडकेनंतर २०१०मध्ये डोक्यावरच्या आडव्या धडकांवर नियम आला. २०११पासून संशयित खेळाडूला शांत खोलीत नेऊन तपासतात; पुढे निरीक्षकांना त्याला थेट बाहेर काढायचा अधिकार मिळाला. हे सगळं पहिल्या दुखण्यावर. ‘कन्कशन झालेल्याला बाहेर काढा’ या नियमाने कन्कशन न झालेले हजारो फटके कमी होत नाहीत, आणि सीटीईचं ओझं तर त्यांनीच वाढतं. प्रोटोकॉल कितीही चोख असो, तो दुसऱ्या दुखण्याच्या वाटेला जातच नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मेंदूविकार संस्थेने २०२२मध्ये वारंवार बसणारे दणके हे सीटीईचं एक कारण असल्याचं म्हटलं. बेटमन हा संबंध मान्य करत नाहीत. २०१८मध्ये ३१८ माजी खेळाडूंशी झालेली तडजोडही साधारण १ कोटी ८९ लाख डॉलरची आणि कोणतीही जबाबदारी न स्वीकारता. कन्कशनची काळजी घेणारी लीग आणि सीटीई नाकारणारी लीग एकच आहे, यात तिला विसंगती वाटत नाही. दोन दुखणी वेगळी आहेत हे तिच्या वकिलांना आपल्यापेक्षा चांगलं कळलेलं दिसतं.

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडच्या मराठी घरांत आता पोरं हॉकीचे बूट चढवतात, त्यांच्या आईबाबांना हा फरक रोजच्या कामाचा. ऑन्टारियोत ‘रोवन्स लॉ’ आहे. रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची रग्बी खेळाडू २०१३मध्ये लागोपाठच्या दुखापतींनी गेली, तिच्या नावाने झालेला. दर मोसमाला कन्कशनची माहिती वाचून सही करायची आणि शंका आली तर मुलाला त्याच क्षणी मैदानाबाहेर घ्यायचं. हे झालं पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी विचारायचा प्रश्न वेगळा: या गटात अंगाने धडक द्यायला कधीपासून परवानगी आहे? कॅल्गरीच्या कॅरोलिन एमरी यांनी २०१०मध्ये ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना केली. धडकेला मुभा असलेल्या आल्बर्टात कन्कशनचा धोका, ती मुभा नसलेल्या क्वेबेकच्या तिपटीहून जास्त निघाला. कमी धडका म्हणजे एकूण दणकेही कमी, त्यामुळे हा एक निर्णय दोन्ही दुखण्यांना लागू पडतो. हॉकी कॅनडाने २०१३मध्ये त्या वयोगटातून धडक काढून टाकली. मोठ्या मुलांसाठीही धडक नसलेले गट अनेक शहरांत असतात. नाव नोंदवतानाच ते विचारून घ्यावं लागतं.