बोट वेगात एका अंगाला कलते? उलट बाजूला पोते ठेवण्याआधी हे वाचा

मे महिना लागला की कृष्णाकाठच्या गावांतल्या बोटी शेडमधून बाहेर निघतात. ग्रामपंचायतींच्या असतात, बचाव पथकांच्या असतात, मासेमारीच्याही असतात. त्या काळात आमच्या वर्कशॉपमध्ये एक तक्रार ठरलेली असते: "हळू चालवली की सरळ असते, इंजिन वाढवलं की डावीकडं कलते." आणि बऱ्याचदा त्याच बोटीत उजव्या बाजूला वाळूचे एक पोते ठेवलेले दिसते.

आमची पहिली विनंती अशी, की ते पोते काढा. कलणे म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण आहे. पोत्याने खूण झाकली जाते, बिघाड तसाच राहतो.

दोन वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावातून 14 फुटी, दुहेरी तळाची फायबर बोट आमच्याकडे आली. आधी एक पोते पुरत होते, मग दीड लागायला लागले, म्हणून त्यांनी आणली. आम्ही वरची फळी उघडली तर डाव्या कप्प्यात पाणी साठलेले. बाक बसवताना मारलेल्या एका स्क्रूच्या भोकातून ते हळूहळू आत उतरले होते. चार बादल्या निघाले. बादली 15 लिटरची धरली तर 60 किलो, आणि वर पोत्याचे वजन वेगळे. म्हणजे एका धडधाकट माणसाहून जास्त ओझे ती बोट रोज वाहत होती आणि माणसे मोजताना ते कुणी धरत नव्हते. पुरात अशा बोटीत आणखी आठ जण बसले असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, हे आपल्या सांगली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. म्हणूनच हे पत्रक पूर येण्याआधी तुमच्या हातात द्यायची आमची धडपड आहे.

आधी पाणी, मग बाकी सगळे

बोट ट्रॉलीवर घ्या, पुढचे टोक उंच करा, मागचे बूच काढा आणि अर्धा तास तशीच ठेवा. दोन कप्प्यांना दोन बुचे असतील तर दोन्ही काढा. एका बाजूने धार लागली आणि दुसरी कोरडी राहिली, तर कारण तिथेच सापडले. बुचातून काही आले नाही तरी तळाला बोटाच्या पेराने टकटक करत दोन्ही बाजूंनी फिरा. पोकळ जागी खणखणीत आवाज येतो, बोट तरंगावी म्हणून आत भरलेला फोम ओला असेल तिथे बद्द. फोमने एकदा पाणी धरले की ते उन्हात ठेवून जात नाही, फोम काढूनच टाकावा लागतो. शंका राहिली तर बोट वजनकाट्यावर न्या. हळदीच्या आणि उसाच्या या जिल्ह्यात काटा कुठेही जवळ असतो. ट्रॉलीसह वजन करा, मग रिकाम्या ट्रॉलीचे. इंजिन, बॅटरी आणि टाकी वजा केल्यावर उरलेला आकडा बोटीच्या कागदावरच्या वजनापेक्षा बराच जास्त निघाला, तर आत पाणी आहे.

याच वेळी सामान बघा. 25 लिटरची भरलेली पेट्रोल टाकी डब्यासकट वीस किलोच्या आसपास जाते, मोठी बॅटरीही जवळपास तेवढीच. दोन्ही एकाच बाजूला ठेवली असतील तर वेगळे कारण शोधायला नको.

पंखा कोणत्या बाजूला फिरतो

बहुतेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनांचा पंखा, मागून पाहिले तर, पुढे जाताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याचा उलटा धक्का बोटीला बसतो आणि डावी बाजू दबते. म्हणून छोट्या बोटीत हँडल धरणाऱ्याने उजवीकडे बसून डाव्या हाताने हँडल धरायचे असते. आमच्याकडे आलेल्या कितीतरी बोटींत चालक सवयीने डावीकडे बसतो, बोट डावीकडेच कलते, आणि दोष इंजिनाला दिला जातो. जागा बदलून एक फेरी मारा. आमच्याकडे यायची गरजच पडणार नाही, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे.

थोडासा डावा कल हा पंख्याचा स्वभाव आहे. पण तोच कल गेल्या वर्षी नव्हता आणि यंदा आहे, तर पंखा काढून बघा. पाते वाकले असेल, किंवा कुणी जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त पुढे ढकलणारा) पंखा बसवला असेल, तर उलटा धक्का वाढतो. नदीतली जलपर्णी आणि खताच्या पिशव्या इंजिनाच्या खालच्या पायाला गुंडाळतात, त्याही काढा.

पायावर पंख्याच्या वर एक छोटी कललेली पट्टी असते. ती फिरवून कल जातो असा समज आहे. ती हँडलची ओढ कमी करण्यासाठी असते. बोट आपोआप उजवीकडे वळायला बघत असेल तर पट्टीचे मागचे टोक थोडे उजवीकडे फिरवायचे. बोटीचा कल त्याने दुरुस्त होत नाही.

तळ: आठ महिने बोट कशावर ठेवली होती?

हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, कारण ग्रामपंचायतीच्या बोटींचे दुखणे बहुतेक इथेच निघते. दोन जुने टायर, मागे एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, वर पत्र्याचे ऊन. फायबर अशाने हळूहळू आकार सोडते. पाण्यात उभी असताना बोट सरळ दिसते, कारण तेव्हा सगळा तळ पाण्यात असतो. वेग घेतला की पुढचा भाग उचलतो आणि फक्त मागचा थोडा तळ पाण्याला टेकतो. म्हणून त्या शेवटच्या चार-पाच फुटांतला दोन-तीन मिलिमीटरचा खळगासुद्धा जाणवतो.

गवंड्याची सहा फुटी सरळ पट्टी घ्या. बोट उपडी करा, किंवा ट्रॉलीवर खालून पट्टी लावा: मागच्या फळीपासून पुढे, मधल्या कण्याला समांतर, आधी डावीकडे आणि मग तेवढ्याच अंतरावर उजवीकडे. पट्टीच्या मध्ये उजेड दिसला तर तिथे खळगा आहे. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना हलत असेल तर तिथे फुगवटा आहे. खळगा पाण्याला खाली ढकलतो, त्याने ती बाजू उचलली जाते आणि बोट दुसऱ्या बाजूला कलते. फुगवटा असेल तर उलट, बोट त्याच बाजूला दबते. डावीकडे कलणाऱ्या बोटीचा दोष उजव्या तळात असू शकतो तो असा. जुन्या दुरुस्तीचा पॅच जाड राहिला असेल तरी हेच होते. तळाची दुरुस्ती घरी करू नका. घासताना थर पातळ झाला तर पुरात लाकडाचा एक ओंडका पुरतो.

इंजिन

मागच्या फळीच्या दोन्ही कडांपासून मधल्या रेषेपर्यंत टेपने मोजा. इंजिन मधोमध हवे. बोल्ट आवळा. फळी दाबल्यावर मऊ लागली किंवा इंजिन हलवल्यावर लवली, तर आतले लाकूड सडले आहे आणि बोट पाण्यात न्यायची नाही. पंख्यावरची आडवी पाटी तळाच्या पातळीला किंवा जास्तीत जास्त एक इंच वर असावी. बोट कधी डावीकडे, कधी उजवीकडे डोलत असेल तर इंजिनाचा कोन फार बाहेर आहे किंवा स्टिअरिंग ढिले आहे. कोन एक खाच आत घ्या.

वारा

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आडवा लागतो तेव्हा वेगातली बोट वारा जिकडून येतो त्याच बाजूला कलते. चालक वाऱ्याविरुद्ध हँडल थोडे वळवून धरतो, त्यामुळे तसे होते. ओळखायची खूण सोपी आहे: उलट फिरून त्याच रस्त्याने परत या. कल दुसऱ्या बाजूला गेला तर बोट ठीक आहे. तो त्याच बाजूला राहिला तर बोटीत दोष आहे. ही फेरी बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात, वारा फार जोराचा नसताना, दोघांनीच आणि लाइफ जॅकेट घालून मारा. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवलेली असू द्या.

चालू फेरीत कल अचानक वाढला तर हँडल झटक्यात वळवू नका आणि वेग एकदम तोडू नका, मागची लाट फळीवरून आत येते. हळूहळू वेग उतरवा, सगळ्यांना मधोमध खाली बसवा, काठ गाठा.

आमच्याकडे येताना एवढे लिहून आणा: कोणत्या बाजूला कलते, उभी असतानाही कलते का, कधीपासून, चालक कुठे बसतो, आणि बोट पावसाळ्यानंतर कशी ठेवली होती. बुचाची, तळाची आणि मागच्या फळीची पाहणी आम्ही मे अखेरपर्यंत पैसे न घेता करतो. जूनमध्येही करू, पण सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे चढायला लागले की तपासणीला वेळ कुणाकडेच उरत नाही.