पाळी यायच्या आधीच

“अजून पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहिले?” मूल सात-आठ महिन्यांचं असताना पाठच्याची चाहूल लागली की बाई हमखास असं विचारते. तिचं गणित एका जागी चुकलेलं असतं. अंडं आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. बाळंतपणानंतरचं पहिलंच अंडं फळलं, तर पाळी येतच नाही.

‘अंगावर पाजतेय तोवर काळजी नाही’ हे आजीचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. बाळ दूध ओढतं तेव्हा त्याचा निरोप मज्जातंतूंमार्फत मेंदूत जातो आणि अंडाशयाला जागं करणारे इशारे मंदावतात. इटलीतल्या बेलाजिओ गावी 1988 मध्ये तज्ज्ञांनी याच्या अटी ठरवल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध. तिन्ही पाळल्या तर शंभरात जेमतेम दोघींना दिवस राहतात. एक जरी मोडली तरी भरवसा संपला.

आपल्याकडे मोडते ती तिसरी. बाळगुटी, उन्हाळ्यात चमचाभर पाणी, रात्री ‘आईला झोप मिळावी’ म्हणून वरच्या दुधाची बाटली. बाळ तेवढं कमी ओढतं. आणि जी मुळीच पाजत नाही, तिचं अंडं चौथ्या आठवड्यातही सुटू शकतं, म्हणजे सव्वा महिना पुरा व्हायच्या आत!

जागतिक आरोग्य संघटना बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत निदान 24 महिने ठेवायला सांगते. आईच्या अंगातलं लोह भरून यायला वेळ लागतो. घाईच्या गर्भात बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

हे अंतर राखायला तांबी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक) बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, सिझेरियनमध्ये तर तिथल्या तिथे बसवता येते. ती वेळ हुकली की सहा आठवडे थांबायचं. लगेच बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता थोडी जास्त, म्हणून पुढची तपासणी चुकवू नये. सरकारी दवाखान्यातली ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी लखनौच्या प्रयोगशाळेत घडलेली. तिच्यात हार्मोन नाही, दुधावर परिणाम नाही. गोळी सुरू केल्यावर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. ‘माला-एन’ ही हार्मोनची गोळी मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने टाळावी.

आता नवरोबांकडे वळू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये स्त्रियांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. खरं तर पुरुषांची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी, टाक्याशिवायही होते. फक्त तिचा परिणाम यायला तीन महिने लागतात. दुसऱ्या खेपेला बायको सहाव्या महिन्यात असतानाच नवऱ्याने उरकून घेतली, तर बाळंतपणापर्यंत ते तीन महिने सरलेले असतात आणि वीर्यतपासणी तेवढी उरते.