टेन्शन आलं की माळ हातात घ्यायची, ही सवय आली कुठून

टेन्शन हा शब्द आमच्या घरात बाबांच्या पिढीत आला. आजी तो कधी वापरायची नाही, ती म्हणायची आज जीव थाऱ्यावर नाय, आणि मग वेदीशेजारच्या खिळ्यावरची माळ काढून ओट्यावर जाऊन बसायची. काळ्या लाकडी मण्यांची माळ, मधले दोन मणी कधीतरी तुटून हरवलेले, त्या जागी दोऱ्याच्या जाड गाठी मारलेल्या, आणि आजीची बोटं त्या गाठी पण मण्यांसारख्याच मोजायची. एकटी असेल तर पुटपुटायची, पण शक्यतो एकटी म्हणायचीच नाही, कुणाला तरी हाक मारायची. कारण रोझरीत, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या माळेच्या प्रार्थनेत, "नमो मरिये" या मरियेच्या छोट्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला अर्धा बाकीच्यांनी. आम्ही पोरं अभ्यास टाकून जायचो, म्हणजे अभ्यास टाळायला मिळतो म्हणूनच जायचो, खोटं कशाला बोला.

हे अर्धं-अर्धं म्हणणं मला तेव्हा नुसती पद्धत वाटायची. आता वसईहून अंधेरीला रोज लोकलने जाऊन येऊन दहा वर्षं झाल्यावर वाटतं की खरी गोम तिथेच आहे. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं की हे सगळं आपल्या किनाऱ्यावर आलं कसं.

सुरुवात अर्थातच बायबलपासून. उद्याची चिंता उद्यावर सोडा असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो, आणि त्याचा प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या लोकांना लिहितो की कशाचीच चिंता करत बसू नका, जे काय हवंय ते देवाला सांगा आणि सांगताना आभार पण माना. हे वाक्य हल्ली कॅलेंडरवर, मगवर, व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगमध्ये सगळीकडे असतं, पण पौलाने ते कैदेत असताना लिहिलंय हे कॅलेंडरवर कुणी छापत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात साधू राहायला गेले, त्यातला एव्हाग्रियस नावाचा एक जण (तो ३९९ मध्ये वारला) मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी करून गेला. त्यातल्या एकाला तो दुपारचा सैतान म्हणतो. सूर्य हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीतून बघतो की नववा तास झाला का, म्हणजे आपले दुपारचे तीन. ऑफिसात तीन वाजता माझं जे होतं ते सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं बघून मला हसूच आलं. त्यांचा उपाय काय, तर तेच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं, हाताने काहीतरी काम करत राहायचं, आणि खोली सोडून पळायचं नाही.

मठांमध्ये बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं ठरलेल्या वेळी म्हणायची पद्धत पडली. पण ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं, शेतकरी, कोळी, मोलकरीण? त्यांच्यासाठी १५० स्तोत्रांच्या जागी १५० "नमो मरिये" आल्या आणि माळ ही गरिबांची स्तोत्रसंहिता झाली. पाचव्या पायस पोपने १५६९ मध्ये तिचं रूप पक्कं केलं. रोज पन्नासच म्हणायच्या, म्हणजे पूर्ण माळेचा तिसरा भाग, म्हणून पोर्तुगीज तिला तेर्सो म्हणायचे आणि गोव्यात, खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आजही तेर्सच म्हणतात. (२००२ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल पोपनी प्रकाशाची रहस्यं, म्हणजे आणखी पन्नास "नमो मरिये"चा एक संच, वाढवली तेव्हापासून तो हिशोब तिसऱ्या भागाचा राहिला नाही, पण नाव कोण बदलतंय.)

आपल्याकडे हे पोर्तुगीजांबरोबर आलं. वसई त्यांच्याकडे १५३४ मध्ये गेली, मागोमाग फ्रान्सिस्कन आले, १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि त्याच्याबरोबर जेझुइट, हे दोन्ही पाद्र्यांचे संघ. त्या काळात सगळे स्वखुशीने ख्रिस्ती झाले असं म्हणणं बरोबर नाही, सत्तेचा दबाव होता, तो इतिहास आपलाच आहे आणि तो नीट सांगायला हवा. नाताळ, पाद्री, क्रूस, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हे शब्द तेव्हापासून तोंडात बसले. जेझुइटांनी आणखी एक गोष्ट आणली ती म्हणजे त्यांचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस याची रोजची मनाची तपासणी. दिवस संपताना आठवायचं की आज कुठे बरं वाटलं, कुठे जड झालं, कशाचे आभार मानायचे. त्याचा एक नियम मला फार आवडतो, मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. राजीनाम्याचं मेल मी दोनदा ड्राफ्टमध्ये ठेवलं ते याच नियमामुळे.

पण लॅटिनमध्ये म्हटलेली प्रार्थना जिवाला किती भिडणार? इथे फादर थॉमस स्टीफन्स येतो. इंग्रज माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, तिथल्याच साष्टीत (मुंबईची साष्टी नव्हे) राहिला आणि मराठी अशी शिकला की आपण लाजावं. १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून आलं, जवळपास अकरा हजार ओव्या. सुरुवातीलाच प्रसंग आहे की नवख्रिस्ती माणूस पाद्री गुरूला म्हणतो, आमची जुनी पुराणं गेली, आता आमच्या भाषेत आम्हाला काहीतरी द्या. हे मागणं मला धर्माइतकंच मनाचं वाटतं. संध्याकाळी बसून चारचौघांत ऐकायची, म्हणायची गोष्टच काढून घेतली तर माणूस सैरभैर होणारच, नाही का. पुढे ते चर्चमध्ये आणि घरांत गाऊन म्हटलं जायचं.

१७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, त्यांचे बरेच पाद्रीही गेले, आणि चर्च इथल्याच पाद्र्यांनी सांभाळलं. माझा अंदाज असा की तेव्हा घरातली माळच लोकांना धरून ठेवत असणार, कारण तिला पाद्री लागत नाही, समोर उत्तर देणारा एक माणूस पुरतो.

दक्षिण कोकणात दुसरा प्रवाह आला तो प्रोटेस्टंट. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, मग हर्णैला गेले. त्यांच्याकडे माळ नाही, बायबल वाचन आणि गाणी. त्या गाण्यांना खरा मराठी जीव दिला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावच्या नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने अभंग आणि कीर्तन घेऊन ख्रिस्ताला मराठीत बसवलं. म्हणजे तिथेही तेच, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची.

सगळ्यात जास्त घाबरलेला काळ मात्र १८९६ चा. मुंबईत प्लेग आला आणि वांद्रे, गिरगावकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या, वस्त्यांमध्ये लोकांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले, कुणी नवस म्हणून, कुणी वाचलो म्हणून. आजही कित्येक गल्ल्यांत ते दिसतात, मे महिन्यात त्यांना माळा घालतात, समोर लिटनी म्हणतात, एक जण संतांची नावं घेतो आणि गल्ली म्हणते आम्हांसाठी विनंती कर, मग उकडलेले चणे वाटतात. वांद्र्याची मोतमाउली (माउंट मेरी) तर जुनीच. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा, दुखरा हात असेल तर मेणाचा हात, घर हवं असेल तर मेणाचं घर. चिंतेला आकार देऊन विकत घेता येतं आणि ठेवून येता येतं, ही आयडिया ज्याला सुचली त्याला मानलं पाहिजे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारचा नोव्हेना, म्हणजे मागणं मागायची ठरलेली प्रार्थना, चालतो, तिथे सगळ्या धर्मांची माणसं पत्रं लिहून टाकतात, नोकरी, लग्न, मूल, कोर्टकेस. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मिस्सा पण मराठीत आली आणि आजीला पहिल्यांदा कळलं की फादर इतकी वर्षं काय म्हणत होते.

आता विज्ञानाचं थोडं. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांवर प्रयोग केला, त्यांना लॅटिनमधली रोझरी म्हणायला लावली आणि वेगळा मंत्रजप पण. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. कारण सोपं आहे, अर्धा भाग तुम्ही एका श्वासात म्हणता, आणि समोरचा उरलेला म्हणतो तेव्हा तुम्ही श्वास घेता. एक फेरा साधारण दहा सेकंदांचा. आजीची हाक मारायची सवय इथे मला एकदम उमगली.

उलटी बाजू पण आहे. केनेथ पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने धर्माचा आधार घेण्याचे प्रकार अभ्यासले, त्यात देव माझ्यासोबत आहे असं मानणाऱ्याला बरं वाटतं, पण देव मला शिक्षा करतोय असं मानणाऱ्याचं टेन्शन वाढतंच. आमच्याकडे प्रार्थना कमी पडते म्हणून असं होतंय असं म्हणणारे बरेच आहेत, त्यांच्यापासून लांब राहावं. झोपच येत नसेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरकडे जायचं, माळ खिशात ठेवून जायचं, दोघांचं भांडण नाही.

तौक्ते वादळ आलं तेव्हा, मे २०२१ ला, आमच्याकडे काही दिवस लाइट नव्हती, केळीची बाग आडवी, आणि आईने मेणबत्तीवर रोझरी सुरू केली तर शेजारची गुजराती काकू पण येऊन बसली, तिला शब्द येत नव्हते, शेवटचा आमेन तेवढा जोरात म्हणायची. माझा भाऊ कुवेतला. रोज आपल्या आठला, म्हणजे त्याच्या साडेपाचला, तो कंपनीच्या गाडीतून व्हिडिओ कॉल लावतो, आई पहिला अर्धा म्हणते आणि दुसरा त्याने म्हणायचा. नेटवर्क मागे पडतं, त्याचं अर्धं येईपर्यंत आईचं पुढचं सुरू झालेलं असतं, दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात, आणि मग आई माळ तशीच धरून ओरडते, अरे थांब ना जरा, माझं संपू दे.