१.७७ काय? किलो की पौंड?

अकरावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा युनिट्सचा असतो आणि बरीच मुलं तो पटकन उरकून टाकतात, कारण त्यात अवघड असं काही दिसत नाही. पण युनिट हे मार्क कापले जाऊ नयेत म्हणून उत्तराच्या शेवटी चिकटवायचं नसतं, ते गणिताच्या प्रत्येक पायरीला सोबत न्यायचं असतं, आणि का ते एअर कॅनडाच्या फ्लाइट १४३ वरून चांगलं कळतं.

२३ जुलै १९८३. बोइंग ७६७, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला चाललेलं. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धत येत होती, हे नवीन विमान इंधन किलोत मोजायचं आणि कंपनीची जुनी विमानं पौंडात. त्यात फ्युएल गेज बंद, म्हणून टाकीत किती आहे ते हाताने मोजलं, ७,६८२ लिटर निघालं. लागणार होतं २२,३०० किलो. लिटरवरून वजन काढायला जो आकडा वापरला तो १.७७, आणि हिशोब असा झाला:

७,६८२ × १.७७ = १३,५९७
२२,३०० − १३,५९७ = ८,७०३
८,७०३ ÷ १.७७ = ४,९१७ लिटर भरा

आकडेमोडीत काहीच चूक नाही! फक्त १.७७ हे पौंड प्रति लिटर होतं, किलोसाठी ०.८०३ हवं होतं. आता हेच युनिट लावून लिहून बघा, पहिल्या ओळीत लिटरला लिटर कटतो आणि उरतात १३,५९७ पौंड, मग दुसऱ्या ओळीत किलोतून पौंड वजा करायची वेळ येते आणि तिथेच पेन थांबतं. भरायला हवं होतं वीस हजार लिटरपेक्षा जास्त.

इंधन वाटेतच संपलं, एकामागोमाग दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता आणि को-पायलट मॉरिस क्विंटल यांना गिमलीचा जुना एअरफोर्स तळ माहीत होता, तिथे त्यांनी विमान उतरवलं आणि सगळेच्या सगळे ६९ जण वाचले.

बरं, सायंटिफिक नोटेशनने, म्हणजे आकडा १०च्या घातात लिहिण्याच्या पद्धतीने, ही चूक पकडली असती का? नोटेशनचा मोठा फायदा म्हणजे शून्य मोजत बसावं लागत नाही, १०चा घात बघितला की आकडा केवढा ते कळतं आणि दशांश चिन्ह सरकलं असेल तर लगेच दिसतं. पण इथे हवं होतं २.२३ × १०^४ किलो आणि भरल्यानंतर टाकीत होतं साधारण १.०१ × १०^४ किलो, घात दोन्हीकडे ४च. पौंड आणि किलोत फरक जेमतेम २.२ पटीचा, म्हणून घात बघून समाधान मानणाऱ्यालाही ही चूक दिसली नसती.

अजून एक तपासणी मात्र होती आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण तिला कागदसुद्धा लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो, आणि विमानाचं इंधन रॉकेलच्याच जातीचं, पाण्यावर तरंगणारं, मग ते लिटरला १.७७ किलो भरेलच कसं?