रॉक द रेबेल/मेटल द डेव्हिल

रॉक द रेबेल/मेटल द डेव्हिल : डेन्मार्कमधील वोल्बीट या हेवी मेटल वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम. मॅस्कॉट रेकॉर्ड्स या डच कंपनीने तो फेब्रुवारी २००७ मध्ये काढला. ध्वनिमुद्रणाचा निर्माता जेकब हॅन्सन. डॅनिश विक्रीयादीत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. मेटलची जाड गिटार, १९५० च्या दशकातील रॉकाबिलीचा झुलता ठेका, पंकची आटोपशीर बांधणी आणि थ्रॅशचा (वेगवान मेटलचा एक प्रकार) दाबून मारलेला वेगवान आघात या चारींचे मिश्रण म्हणून तो ओळखला जातो. शीर्षकातील तिरकी रेघ या जोडकामाची निशाणीच म्हणायची.

वाद्यवृंदाची स्थापना २००१ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये झाली. गायक-गिटारवादक मायकेल पौल्सेन (जन्म १९७५) याआधी डॉमिनस या डेथ मेटल गटात घसा खरवडून गुरगुरत असे. त्या गटाच्या १९९७ मधील अल्बमचे नाव ‘वोल.बीट’, आणि त्यावरूनच नव्या गटाचे नाव पडले. घरात आई-वडिलांमुळे एल्व्हिस प्रेस्ली आणि जॉनी कॅश हे अमेरिकी गायक कानावर पडलेले होते. नव्या गटात त्याने गुरगुरणे सोडले आणि प्रेस्लीच्या वळणाचा, किंचित कापता, खर्जातला आवाज लावला. ‘एल्व्हिस मेटल’ हे टोपणनाव त्यातूनच आले. ते सोयीचे असले तरी अपुरे आहे, कारण गळ्यापुरतेच बोलते. बासवर अँडर्स क्योल्होल्म आणि ड्रमवर जॉन लार्सन हे दोघे पहिल्या अल्बमपासूनचे (२००५).

रॉकाबिली आणि मेटल ही दोन दूरची घराणी या अल्बमात प्रथमच जवळ आली, असे पुष्कळदा लिहिले जाते. हे मत सावधपणे घ्यावे लागते. रॉकाबिली ही संज्ञा ‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ (ग्रामीण अमेरिकी संगीत) यांच्या जोडीतून आली आणि १९५६ च्या मध्यास अमेरिकेतील व्यापारी नियतकालिकांत दिसू लागली. बर्नेट बंधू या रॉकाबिली गायकांनी आपल्या रॉकी आणि बिली या मुलांच्या नावांवरून ती घडवली, अशीही एक कथा सांगितली जाते. ती गोड आहे, पण शब्दाच्या सरळ फोडीपुढे टिकणे कठीण. संगीताचा आरंभ सामान्यतः ५ जुलै १९५४ हा धरतात. त्या दिवशी मेम्फिस येथे सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओत प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि उभ्या बासवरचा बिल ब्लॅक या तिघांनी, ड्रम नसताना, पहिली तबकडी मुद्रित केली. ब्लॅक तारा ओढून फळीवर आपटत असे, तोच ठेका. फिलिप्स दोन टेप यंत्रे जोडून आवाजाची क्षणभर उशिरा येणारी एकच सावली पाडत असे, तीच रॉकाबिलीची खूण ठरली.

याच खोलीत तीन वर्षे आधी गिटारीचा फाटका आवाजही मुद्रित झाला होता. मेटल ज्या विरूपणावर (डिस्टॉर्शन) उभे आहे, त्याच्या उगमाचा वाद येथून सुरू होतो. ‘रॉकेट ८८’ ही तबकडी मार्च १९५१ मधील. दिवस ३ की ५, याबद्दल एकमत नाही. त्यातील गिटारवादक विली किझार्टचा अँप्लिफायर क्लार्क्सडेलहून मेम्फिसला येताना बिघडला. तो गाडीच्या टपावरून पडला असे काही सांगतात, तर काहींच्या मते तो डिकीत पावसाने भिजला. फिलिप्सने फाटलेल्या स्पीकरच्या कोनात कागद कोंबून मुद्रण केले, एवढे बहुतेकांना मान्य आहे. ह्यूस्टनचा गिटारवादक गोरी कार्टर याचे १९४९ मधील मुद्रण याहून आधीचे असल्याचे काही अभ्यासक दाखवतात आणि कालानुक्रमे त्यांचे म्हणणे खरे आहे.

दुसरा वाद खास रॉकाबिलीच्या अंगणातला आहे. जॉनी बर्नेटच्या त्रिकुटाने जुलै १९५६ मध्ये नॅशव्हिल येथे ‘द ट्रेन केप्ट अ-रोलिन’ मुद्रित केले. त्यातील भरड गिटार आपलीच, हातून अँप्लिफायर पडून एक व्हॉल्व्ह सैल झाला आणि हा आवाज सापडला, असे त्रिकुटाचा गिटारवादक पॉल बर्लिसन सांगत असे. त्या मुद्रणात प्रत्यक्षात नॅशव्हिलचा व्यावसायिक वादक ग्रेडी मार्टिन वाजवत होता, असा दुसरा पक्ष आहे. थेट पुरावा कोणत्याच बाजूला निर्णायक नाही. मात्र १९६१ मध्ये गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गीतात, मिक्सिंग यंत्रातील बिघाडामुळे सहातारी बास फरफरला, तो वादक ग्रेडी मार्टिनच होता. त्याच बिघाडावरून अभियंता ग्लेन स्नॉडीने पायाने दाबायचे ‘फझ’ यंत्र तयार केले आणि ते १९६२ मध्ये बाजारात आले. त्यामुळे पारडे मार्टिनकडे झुकते, इतकेच म्हणता येईल. बिघडण्याची वाट न पाहता मुद्दाम आवाज फाडणाऱ्यांत गिटारवादक लिंक रे (१९५८) हे नाव ठळक आहे. त्याने स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. तात्पर्य, मेटलच्या गिटारीचे आजोळ रॉकाबिलीच्याच गावात निघते. पौल्सेनने दोन परके एकत्र आणले असे म्हणण्यापेक्षा वेगळ्या झालेल्या भाऊबंदांना एका पंगतीला बसवले, असे म्हणणे अधिक योग्य दिसते.

विरूपण म्हणजे काय, हे सतारी-तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. तंबोऱ्याची घोडी कानशीने घासून जवारी काढताना कारागीर तारेला घोडीच्या सपाटीवर किंचित घसटू देतो आणि खाली सुताचा दोरा सारून ती जागा नेमकी साधतो. त्या घसटण्याने मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर उजळतात. अतिभारित अँप्लिफायर लहरींचे माथे छाटतो, त्यानेही उपस्वर वाढतात. कारण वेगळे, कानाला मिळणारी भरघोस गुंजन मात्र एका जातीची. उघड्या जवारीचा तंबोरा आणि मेटलची गिटार यांत आणखी एक साम्य आहे. मेटलमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे षड्ज आणि पंचम, गंधार वगळून. तंबोऱ्यावरही बहुधा पंचम आणि षड्जच लावतात. तंबोरा नीट जुळला तर गंधार तारांतून आपोआप उमटतो, म्हणून त्यास स्वयंभू म्हणतात.

गिटारवादक गंधार का टाळतो, याचे उत्तर पडद्यांत आहे. समान विभागणीच्या पडद्यांवरचा गंधार ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) येतो, स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर. हा १४ सेंटचा फरक साध्या वादनात खपून जातो. विरूपणात उपस्वर एकमेकांवर आदळून गढूळ होतात. याच अंतराने सांगली-साताऱ्यात एके काळी मोठी चर्चा घडवली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींचे मापन केले, त्यास अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाची साथ होती, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाने तो विषय पुढे नेला. पेटीच्या गंधारावर त्यांचा जो आक्षेप, तोच मेटलवाल्याने न वाचताच अमलात आणला, असे गमतीने म्हणता येईल.

खरा पेच लयीत आहे. रॉकाबिलीचा ठेका तिश्र अंगाचा : मात्रेचे तीन भाग, त्यांतले पहिला आणि तिसरा वाजणारे, म्हणून तो झुलतो. थ्रॅशचा चतुश्र : चार सरळ घाव, तेही तळव्याने तारा दाबून, एकाच दिशेने मारलेले. हे तंत्र १९८३ पासून, मेटॅलिका आणि स्लेयर या गटांच्या पहिल्या अल्बमांनी रूढ झाले. पंकचा ठेका सरळच, म्हणून तो दोघांमधला सांधा ठरतो. मुखड्याकडे येताना ड्रम पंकच्या दुडक्या चालीवर जातात आणि तिश्रातून चतुश्रात शिरताना ठेच लागत नाही. याआधी क्रॅम्प्स (स्थापना १९७६) आणि लंडनचे मीटिअर्स (१९८०) या गटांनी रॉकाबिलीला पंकची जोड देऊन ‘सायकोबिली’ रूढ केली होती. वोल्बीटची भर थ्रॅशच्या वजनाची.

हा सांधा सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो ‘सॅड मॅन्स टंग’ या गीतात. ती जॉनी कॅशला दिलेली दाद आहे. आरंभी साधी गिटार आगगाडीच्या लयीत चालते, मग तीच चाल विजेच्या गिटारीवर उतरते. कॅशच्या सुरुवातीच्या साथीदारांत ड्रमवादक नव्हता. स्नेअर ड्रमसारखा खरखराट यावा म्हणून कॅश गिटारीच्या तारांत कागद अडकवत असे. कागद असो की सूत, तारेला थोडे अडवल्याशिवाय तिला आवाज फुटत नाही, हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कोणीही मान्य करील. ‘द गार्डन्स टेल’ या गीतात मॅग्टेन्स कोरिडोरर गटाचा योहान ओल्सेन डॅनिशमध्ये गातो. ‘सोलवीपर’ या पहिल्या अल्बममधील गीताचा दुसरा भागही येथे आहे. शब्दांत प्रेम, दारू, सैतान आणि पश्चात्ताप हे नेहमीचे विषय.

नंतरच्या अल्बमांनी हीच वाट रुंद केली. २०१३ च्या अल्बममध्ये रॉब कॅगियानो हा अँथ्रॅक्स या न्यूयॉर्कच्या थ्रॅश गटातील गिटारवादक वोल्बीटमध्ये आला, तो २०२३ पर्यंत राहिला. त्याच अल्बममधील, डॅनिश मेटल गायक किंग डायमंडसह गायलेल्या ‘रूम २४’ ला २०१४ च्या ग्रॅमीत मेटल विभागात नामांकन मिळाले.